तिथीची उलटतपासणी : शंकर बाळकृष्ण दीक्षित



शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे नाव ज्यांच्या कानावरून गेलेले असते, त्यांच्या मनात त्यांची दोनपैकी एक प्रतिमा असते. काहींना ते वेदांचे प्राचीनत्व गणिताने सिद्ध करणारे अभिमानी पंडित वाटतात. काहींच्या लेखी ते पंचांगाच्या वादात गुंतलेले जुन्या पिढीतले ज्योतिषी, म्हणजे आजच्या विज्ञानाशी ज्यांचा फारसा संबंध उरला नाही असे गृहस्थ. दोन्ही प्रतिमांना त्यांच्या लेखनात थोडा आधार सापडतो. तरीही दीक्षितांनी जे खरोखर केले ते या दोन्हींतून निसटून जाते, असे माझे म्हणणे आहे. आपल्याकडे तिथी ही पाळायची गोष्ट होती. कोरीव लेखात ती दिसली की वाचणारा ती जशीच्या तशी मान्य करी, किंवा भाकडकथा म्हणून सोडून देई. दीक्षितांनी तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. तू अमुक वर्षाची म्हणतेस, मग त्या दिवशी वार कोणता होता? चंद्र कुठे होता? गुरू सूर्याच्या तेजातून कोणत्या नक्षत्रात बाहेर आला होता? उत्तर जुळले नाही तर साक्ष फेटाळायची, मग ती कितीही पूज्य ग्रंथातली असो. हिंदुस्थानच्या इतिहासाचा कालक्रम बसवताना ही शिस्त निर्णायक ठरली, आणि ती अंगी बाणवणाऱ्यांत आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या शाळेत शिकवणारा हा मास्तर अग्रभागी होता.

चरित्र थोडक्यात सांगता येण्याजोगे आहे. दीक्षितांचा जन्म १८५३ च्या जुलैमध्ये कोकणात, दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण, मॅट्रिकची परीक्षा, आणि मग जन्मभर शाळाखात्याची नोकरी. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, असा बदल्यांचा क्रम. १८९८ च्या एप्रिलमध्ये ते वारले, तेव्हा वयाची पंचेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. विश्वविद्यालयाची पदवी नाही, वेधशाळेतली नेमणूक नाही, परदेशगमन नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतले केरो लक्ष्मण छत्रे निदान कुलाब्याच्या वेधशाळेत काम करून मग पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले होते; दीक्षितांना तेवढेही लाभले नाही. बार्शीतली वर्षे १८८० च्या दशकातली. ज्या कामासाठी दीक्षित जगाला ठाऊक झाले, त्याचा मोठा भाग याच दशकात झाला. सामान्य परिस्थितीतून वर आलेल्या विद्वानाची गोष्ट म्हणून हे सांगणे सोपे आहे, पण त्याने फारसे काही कळत नाही. दुर्बीण नसलेल्या गावात हे काम होऊ शकले, कारण त्याला दुर्बीण लागतच नव्हती. लागत होते ते सिद्धान्तग्रंथ, करणग्रंथ, कोष्टके, कागद आणि आकडेमोडीचा न संपणारा धीर.

हे काम कसे चालते ते आधी घरच्याच उदाहरणावर पाहू. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या मंदिरातला मराठी लेख आपल्या आनंद कुंभारांनी उजेडात आणला. त्यात शक ९४० आणि कालयुक्त संवत्सर असा काळ दिला आहे. आपल्याकडच्या साठ संवत्सरांच्या चक्रासाठी हिशेब असा: शकाच्या आकड्यात १२ मिळवा आणि ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा अनुक्रमांक. ९४० मध्ये १२ मिळवून ९५२. साठाने भागले की बाकी ५२. प्रभवापासून मोजत गेलात तर बावन्नावे संवत्सर कालयुक्तच येते. दोन आकडे एकमेकांना धरून आहेत, म्हणजे शकाचा अंक आपण बरोबर वाचला असा भरवसा वाटतो. दगडावरची रेघ झिजून ९४० चे ९४६ वाचले गेले असते, तर संवत्सर अठ्ठावन्नावे आले असते, रक्ताक्षी, आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. ही सर्वांत साधी पडताळणी, शाळकरी मुलालाही जमेल अशी. पण तिच्यात तत्त्व आहे. लेख कोरणाऱ्याने एकच काळ दोन वेगळ्या पद्धतींनी सांगितला, आणि म्हणून आपल्याला त्याची उलटतपासणी घेता येते.

आता मोठा खटला. गुप्त राजांच्या लेखांवर वर्षे आहेत, पण ती त्यांच्या स्वतःच्या संवताची. तो संवत कधी सुरू झाला यावर एकोणिसाव्या शतकात कडाक्याचे मतभेद होते. टॉमस यांच्या मते इसवी सन ७७-७८, म्हणजे शककालच. जनरल कनिंगहॅम १६६-६७ म्हणत, सर क्लाइव्ह बेली १९०-९१. शतकाहून मोठा हा फरक. समुद्रगुप्त कुठल्या शतकातला, हूणांच्या स्वाऱ्या कधीच्या, सगळे यावर लटकलेले. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात लिहून ठेवले होते की गुप्तकाल शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो, म्हणजे इसवी सन ३१९ च्या आसपास. पण त्याच वाक्यात त्याने हा काळ गुप्तांच्या नाशापासून धरला जातो असेही सांगितल्यामुळे त्याचे म्हणणे लोक हवे तसे वळवून घेत. जॉन फेथफुल फ्लीट गुप्तलेखांचा संग्रह सिद्ध करीत होते, आणि त्यांना गरज होती जुन्या सिद्धान्तांप्रमाणे अचूक गणित करून देणाऱ्या माणसाची. तो माणूस त्यांना दीक्षितांमध्ये मिळाला. संग्रह १८८८ मध्ये छापून निघाला.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या एरण गावी बुधगुप्ताच्या काळचा स्तंभ आहे. त्यावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार, असे तिन्ही दिलेले आहे. वार दिलेला असणे ही केवढी भाग्याची गोष्ट! तिथी म्हणजे सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. वाराशी तिचा काहीच नैसर्गिक संबंध नाही. म्हणून विशिष्ट तिथी विशिष्ट वारी येणे ही वर्षाची ओळखखूण होते. गुप्तकाल ३१९-२० पासून धरला तर लेखातली द्वादशी येते २१ जून ४८४ या दिवशी, आणि तो दिवस गुरुवारच आहे. एक वर्ष मागे किंवा पुढे सरकून पाहा. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, अधिक मास आला तर ३८४ दिवसांचे. सातने भागले तर पहिल्यात बाकी चार, दुसऱ्यात सहा. म्हणजे लगतच्या वर्षी तोच वार पुन्हा हाती लागणे जवळजवळ दुरापास्त. पण शंकेखोर माणूस इथे थांबत नाही, आणि दीक्षितही थांबले नाहीत. वार सातच असतात, तेव्हा चुकीचे वर्षही सातांत एकदा योगायोगाने जुळून जाईल. एका लेखाने काहीच सिद्ध होत नाही. दोन स्वतंत्र लेख जुळले तर योगायोगाचे प्रमाण एकोणपन्नासांत एक, तीन जुळले तर तीनशे त्रेचाळीसांत एक. म्हणून एकामागून एक लेख गणितात घालावा लागतो. शिवाय प्रत्येक वेळी दोन फाटे फुटतात: दिलेले वर्ष गत (पूर्ण झालेले) आहे की वर्तमान (चालू), आणि महिना अमावास्येला संपणारा की पौर्णिमेला. या दोन्ही मोकळिकी सोयीप्रमाणे वापरल्या तर कोणतीही तिथी कुठेही बसवता येईल. त्यांना आधीच नियमात बांधणे, हे त्या आकडेमोडीतले खरे कौशल्य.

यावर आक्षेप घेतला जातो की दीक्षित फ्लीटसाहेबांचे हिशेबनीस होते. प्रश्न साहेबांचा, निष्कर्ष साहेबांचा, बेरीज-वजाबाकी तेवढी मास्तरांची. आणखी असेही म्हणतात की खरा निकाल मंदसोरच्या लेखाने लावला. त्यात पहिल्या कुमारगुप्ताच्या काळी मालव वर्ष ४९३ दिले आहे, म्हणजे इसवी सन ४३६, आणि तेवढ्याने कनिंगहॅम व इतरांचे पक्ष मोडीत निघतात. दुसरा भाग आधी घेऊ. मंदसोरने गुप्तांचे शतक ठरवले हे खरे आहे. पण कुमारगुप्ताने पुष्कळ वर्षे राज्य केले. त्याच्या राज्यातले एक वर्ष कळल्याने संवताचा आरंभ नेमक्या वर्षावर येत नाही. तो नेमकेपणा वारांनी आणि ग्रहांनी दिला. आणि हिशेबनीस म्हणणाऱ्यांनी फ्लीटांच्या संग्रहाला जोडलेले बार्हस्पत्य चक्रावरचे दीक्षितांचे परिशिष्ट वाचावे. परिव्राजक महाराज हस्ती आणि संक्षोभ यांच्या दानपत्रांत गुप्त वर्षे १५६, १६३, १९१, २०९ यांबरोबर महावैशाख, महाआश्वयुज, महाचैत्र अशी संवत्सरांची नावे येतात. ही नावे गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातली. गुरूच्या मध्यम गतीने राशी मोजत गेले तर संवत्सर सुमारे ३६१ दिवसांचे होते. दीक्षितांनी दाखवून दिले की इथे वेगळी, जुनी पद्धत आहे. सूर्याच्या तेजात लोपलेला गुरू पहाटे पुन्हा दिसू लागतो तो ज्या नक्षत्रात, त्यावरून वर्षाचे नाव ठेवायचे. हा उदय दर ३९९ दिवसांनी होतो, म्हणून बारा वर्षांत अकराच संवत्सरे पडतात आणि एक नाव गळते. संहिताग्रंथांत हा नियम लिहिलेला होता, तो कुणी वापरात असेल अशी कल्पना मात्र कुणाला नव्हती. दीक्षितांनी ग्रंथातला नियम, ताम्रपटातले नाव आणि आकाशातला गुरू हे तिन्ही एका रेषेत आणले. हिशेबनीस दिलेल्या रीतीने हिशेब करतो. इथे रीतच शोधून काढायची होती.

पुढे मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी इंग्रजीत भारतीय कालगणनेचा ग्रंथ केला. तो १८९६ मध्ये लंडनला निघाला आणि त्यावर दोघांचीही नावे आहेत. इसवी सन ३०० ते १९०० या सोळाशे वर्षांतली कुठलीही भारतीय मिती इंग्रजी तारखेत उतरवता यावी अशी कोष्टके त्यात आहेत. ग्रहणांचे गणित व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांचे. कोरीव लेखांच्या अभ्यासकाला प्रत्येक तारखेसाठी ज्योतिष्याकडे धाव घेण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

त्याच १८९६ साली पुण्यात त्यांचा मराठी ग्रंथ निघाला, भारतीय ज्योतिःशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास. दक्षिणा प्राइज कमिटीने लावलेल्या बक्षिसाच्या निमित्ताने तो लिहायला घेतला होता. त्याचे सविस्तर वर्णन मी करीत बसत नाही, कारण तो चाळून बघण्याने जे कळेल ते माझ्या शब्दांनी कळणार नाही. एवढेच सांगतो की डेक्कन कॉलेजच्या आणि आनंदाश्रमाच्या संग्रहांतल्या हस्तलिखितांपासून देशभर चालणाऱ्या पंचांगांपर्यंत सगळे त्यात तपासले आहे, आणि पूज्य ग्रंथांनाही सवलत दिलेली नाही. सूर्यसिद्धान्त घ्या. परंपरा त्याला अपौरुषेयाच्या बरोबरीने मानते. दीक्षितांनी वराहमिहिराच्या पंचसिद्धान्तिकेत दिलेली सूर्यसिद्धान्ताची मूळ माने काढली, आजच्या पोथीतल्या मानांशी ताडून पाहिली, आणि वराहमिहिरापुढचा सूर्यसिद्धान्त व आपल्या हातातला सूर्यसिद्धान्त हे एक नव्हेत हे दाखवले. याविषयीचा त्यांचा इंग्रजी लेख १८९० चा आहे. ज्याला केवळ प्राचीनत्वाचा झेंडा मिरवायचा असतो, तो असली उठाठेव करीत नाही.

आता त्यांच्या बाजूचा सर्वांत नाजूक भाग. शतपथ ब्राह्मणात कृत्तिकांविषयी असे विधान आहे की इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी यावरून असा हिशेब मांडला: बरोबर पूर्वेला उगवायचे तर तारा विषुववृत्तावर असला पाहिजे, संपातचलनामुळे कृत्तिका आज विषुववृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला आहेत, त्या विषुववृत्तावर होत्या तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ३०००. वेदांचा काळ मागे नेणारे टिळकांचे ओरायन १८९३ चे. त्याच्याबरोबर दीक्षितांचे हे अनुमानही हिरिरीने उचलले गेले, आजही उचलले जाते. टीकाकारांचे म्हणणे असे की विधीच्या ग्रंथातले एक वाक्य वेधाची नोंद मानायचे कशाला? अग्न्याधान कृत्तिकांवर करावे याला आधार म्हणून ते आले आहे. बोलणाऱ्याला साधारण पूर्व दिशा म्हणायचे असेल, तर दोनचार अंशांनी शतकेच्या शतके इकडची तिकडे होतात. शिवाय विधान जुन्या पिढीकडून आलेले आणि ग्रंथ नंतरचा असेही होऊ शकते. मला या वादात टीकाकारांची बाजू वरचढ वाटते. गणित चोख आहे. ज्या साक्षीवर ते उभे आहे तिची उलटतपासणी घेता येत नाही. एरणच्या स्तंभावर तिथी आणि वार अशा दोन गोष्टी होत्या, त्या एकमेकींना खोटे पाडू शकत होत्या. कृत्तिकांच्या वाक्यात एकच गोष्ट आहे, आणि एकुलता साक्षीदार म्हणेल ते ऐकून घेण्यापलीकडे आपण काय करणार? पण हा फरक आपल्याला दिसतो तो दीक्षितांनीच दुसरीकडे घालून दिलेल्या कसोटीमुळे. शिवाय त्यांनी गृहीत धरलेले आणि त्यावरून काढलेले, दोन्ही वाचकापुढे वेगवेगळे मांडले आहे. त्यांचे निष्कर्ष उचलणारे बहुतेक लोक अनुमान तेवढे घेतात आणि गृहीतक गाळतात.

पंचांगाच्या वादात दीक्षित सायन, म्हणजे ऋतूंना धरून वर्ष मोजणाऱ्या, पक्षाचे होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांग चालवले. मतभेदाचे मूळ सांगायला सोपे आहे. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते, म्हणून सुमारे ७१ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. निरयन पंचांग ताऱ्यांना धरून चालते, त्यामुळे सण ऋतूंपासून हळूहळू दूर जातात. दीक्षितांच्या तरुणपणी मकरसंक्रांत १२ जानेवारीच्या सुमारास येई, आता १४ किंवा १५ ला येते. प्रत्यक्ष उत्तरायण तर डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच सुरू झालेले असते. सायन पक्षाचे म्हणणे की धर्मशास्त्राला अभिप्रेत असलेले उत्तरायण हेच, सबब संक्रांत तेव्हाच करावी. यावर सोलापूरकराने काय उत्तर द्यायचे? इथे संक्रांत म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, गड्डा. हे सगळे बावीस डिसेंबरला आणा असे म्हणणाऱ्याचे गणित कितीही शुद्ध असो, त्याला इथे कोण विचारणार? आणि याच सोलापुरातून निघणारे दाते पंचांग, जे महाराष्ट्रातल्या घराघरांत भिंतीला टांगलेले असते, तेही निरयनच आहे. तेव्हा दीक्षितांचा पक्ष हरला, असे म्हणणाऱ्याला आधार आहे.

मात्र हरण्यातही तपशील असतो. त्या काळच्या वादात दोन प्रश्न एकत्र बांधले गेले होते: ग्रह कुठे आहेत ते कशाने ठरवायचे, आणि मोजायला आरंभ कुठून करायचा. दुसऱ्या प्रश्नावर सायन पक्ष मागे पडला. पहिल्यावर मात्र त्याचा आणि निरयनातल्या सुधारकांचा आग्रह एकच होता: पोथीतली जुनी माने आकाशाशी जुळत नसतील तर माने बदला. गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव १५२० चा; त्याच्या कोष्टकांवर महाराष्ट्र साडेतीनशे वर्षे चालला, आणि ग्रहणाच्या वेळा चुकू लागल्या तरी लोक पंचांग बदलायला तयार नव्हते. केरोपंत छत्र्यांनी नवी कोष्टके केली, पुढे बागलकोटच्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी त्याहून काटेकोर गणित दिले. आज निरयन पंचांगकर्ताही ग्रहांच्या जागा दृक्प्रत्ययाला उतरतील अशाच देतो. ग्रहण छापील मिनिटाला लागले नाही तर त्याची धडगत नसते. आरंभबिंदूच्या बाबतीतही सरकारी पातळीवर निकाल दीक्षितांच्या दिशेने गेला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, ज्यात पुण्याचे ज. स. करंदीकर आणि नागपूरचे के. ल. दप्तरी हेही होते, राष्ट्रीय दिनदर्शिकेचे महिने ऋतूंच्या वर्षाला बांधले. २२ मार्च १९५७ हा चैत्र १, शके १८७९. धार्मिक तिथींसाठी त्याच समितीने ताऱ्यांचा संदर्भ ठेवला, ही तडजोड. राष्ट्रीय दिनदर्शिका राजपत्रावर आणि आकाशवाणीवर राहिली, घरात आली नाही. शासनाने स्वीकारलेले आणि समाजाने न स्वीकारलेले गणित, अशी ती अवस्था आहे, आणि तिच्यात चूक गणिताची आहे असे मला वाटत नाही. लोकांना एकत्र येण्याचा दिवस हवा असतो. तो दिवस आकाशात नेमका कुठे पडतो याची त्यांना निकड नसते. दीक्षितांनी ही बाजू कमी लेखली, असे म्हणायला जागा आहे.

शेवटचा आक्षेप मराठीचा. एवढा मोठा ग्रंथ मराठीत लिहून दीक्षितांनी स्वतःला कोंडून घेतले, जगाने तो वाचला नाही, असे म्हणतात. त्यांना इंग्रजी येत नव्हते असे नाही. त्यांचे लेख इंडियन अँटिक्वेरीत येत होते. जे युरोपीय अभ्यासकांच्या वादाचे होते ते त्यांनी इंग्रजीत लिहिले, आणि ज्यांच्या पंचांगाचा, सिद्धान्तांचा, सणावारांचा प्रश्न होता त्यांच्यासाठी मराठीत. सामान्य वाचकाला आकाशाची ओळख करून देणारा ज्योतिर्विलासही मराठीतच आहे. पंचांगे सुधारायची तर ती करणारे जोशी-शास्त्री पटले पाहिजेत, आणि ते लंडनचे पुस्तक उघडणार नव्हते. तोटा झाला हे मात्र मान्य करावे लागेल. मूळ ग्रंथ १८९६ चा, हिंदी भाषांतर १९५७ मध्ये लखनौहून निघाले, रा. वि. वैद्यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराचा पहिला भाग भारत सरकारने १९६९ मध्ये काढला आणि दुसरा १९८१ मध्ये, म्हणजे मूळ पुस्तकानंतर पंचाऐंशी वर्षांनी. या मधल्या काळात भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावर इंग्रजीत जे लिहिले गेले, त्यातले कितीतरी प्रश्न दीक्षितांनी आधीच मांडून, तपासून, काही ठिकाणी निकालातही काढून ठेवलेले होते.